पासिंग नव्हे, साल विचारा

दर महिन्याच्या दहा तारखेला आमच्या बचत गटाची बैठक असते. देवळाच्या ओट्यावर सतरंजी टाकायची, हप्ते गोळा करायचे, वही लिहायची आणि मग कर्जाच्या मागण्या वाचायच्या. पूर्वी या मागण्या ठरलेल्या असायच्या. शेळी, शिलाई मशीन, मुलीची फी, घरावरचे पत्रे, दवाखाना. अलीकडे एक नवीनच मागणी यायला लागली आहे. मागच्या उन्हाळ्यातल्या बैठकीत ती वर्षभरात तिसऱ्यांदा आली.

"किती पाहिजेत?"

"पन्नास हजार."

"कशासाठी गं?"

"गाडीसाठी." ताई खाली मान घालून म्हणाल्या.

"कुणाच्या?"

"पोराच्या, वहिनी. ती रेसची असते ना, वाकून चालवायची, तसली हवीय त्याला. जुनीच घेतोय. थोडे त्याचे आहेत, थोडे मी देते म्हटलं."

सगळ्या हसल्या. पण त्या हसण्यात गंमत कमी आणि 'आमच्याकडेही तेच चाललंय' असा सूर जास्त होता. एकीने तर बोलूनच दाखवलं, "आमचा तर दोन दिवस जेवला नाही. शेवटी बापाने हात टेकले."

खरं सांगते, माझा पहिला विचार नकाराचाच होता. शिलाईच्या पैशातून जमवलेल्या हप्त्यांवर, शेकडा दोन रुपये व्याजाने कर्ज काढून एकवीस वर्षांच्या मुलाला वाऱ्याच्या वेगाची गाडी घेऊन द्यायची? शेजारच्या वाडीतल्या गटातली एक बाई दोन वर्षांपासून बैठकीला येत नाही. पावसाळ्यातली पहिली सर, रस्त्यावर आडवं आलेलं जनावर, मुलाने करकचून दाबलेला ब्रेक. तेव्हापासून तिचा हप्ता जावेच्या हातून येतो. हे सगळं डोळ्यांसमोर आलं आणि मी म्हटलं, "पुढच्या महिन्यात बघू."

'नाही' म्हटलं की प्रश्न संपला असं आपल्याला वाटतं. तो संपत नाही. तो फक्त आपल्या डोळ्यांआड जातो. मुलगा कंत्राटी का होईना, पण कामाला लागलेला असतो. मित्राकडून, सावकाराकडून, कुठल्या तरी फायनान्सवाल्याकडून तो पैसे उभे करतोच. मग गाडी येते ती कागदाविना, विम्याविना, आणि आपल्याला कळतं ते ती दारात उभी राहिल्यावर.

दुसऱ्या दिवशी मुलगाच घरी आला. "काकू, आईला नाही म्हणालात का?" हातात मोबाइल, मोबाइलवर तीन गाड्यांचे फोटो. तिन्ही यामाहाच्या आर-१५. मी त्याला चहा दिला आणि विचारलं, "या तिन्हींत फरक काय, ते मला समजावून सांग."

"ही पहिली २०१३ ची. अठ्ठेचाळीस हजार म्हणतोय. ह्या दोन सेम आहेत. ही अठराची, बेयाऐंशी. आणि ही एकोणीसची, पंच्याण्णव. अठराची घेतो म्हटलं, तेरा हजार वाचतायत. बाकी सेमच आहे काकू. इंजिन सेम, लूक सेम. फक्त एबीएस नाही."

तो 'फक्त' माझ्या डोक्यात रुतून बसला.

मी कला शाखेची पदवीधर. मराठी वाङ्मय घेऊन बी. ए. झाले. इंजिनातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण गटाच्या पैशाचा हिशोब माझ्या वहीत असतो, म्हणून मी चौकशी करायचं ठरवलं. आमच्या स्टँडजवळ एक वयस्कर मेकॅनिक आहेत. माझी स्कूटी तेच बघतात. त्यांच्याकडे दोन संध्याकाळी बसले, मुलालाही सोबत घेतलं. जे समजलं ते आज तुमच्यापुढे मांडते आहे. कारण तुमच्याही घरात आज ना उद्या हाच प्रश्न येणार आहे.

ही गाडी आपल्याकडे पहिल्यांदा आली २००८ मध्ये. इंजिन दीडशे सीसीचं, पण थंड ठेवायला पाणी फिरवायची सोय आणि कार्बुरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन. त्या वेळी एवढ्या लहान गाडीत हे कुणी देत नसे, म्हणून पोरं वेडी झाली. २०११ मध्ये तिचं दुसरं रूप आलं, मागचं टायर रुंद झालं आणि सीटचे दोन तुकडे झाले. पुढचा बसणार खाली, मागचा उंचावर, जणू माळ्यावर! मागे बसणाऱ्यांची इतकी ओरड झाली, की २०१५ मध्ये कंपनीने सलग सीटची वेगळी गाडीही काढली. २०१८ च्या फेब्रुवारीत तिसरं रूप आलं, १५५ सीसीचं. मुलाच्या मोबाइलमधल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या फोटोतली गाडी ती हीच.

आता गंमत बघा. २०१८ मध्ये आलेल्या या तिसऱ्या रूपात एबीएस नव्हतं. ते आलं २०१९ च्या जानेवारीत, आणि पुढच्या मागच्या दोन्ही चाकांना आलं. म्हणजे एकच नाव, एकच इंजिन, एकच चेहरामोहरा. लांबून बघितलं तर जुळ्या बहिणी. पण एकीला ती सोय आहे, दुसरीला नाही. आणि जुन्या बाजारात या दोघींमधला भाव होता तेरा हजार रुपये.

एबीएस म्हणजे काय? मेकॅनिककाकांनी यंत्राच्या भाषेत सांगितलं, मी आपल्या भाषेत सांगते. ओल्या रस्त्यावर किंवा खडीवर घाबरून ब्रेक दाबला की चाक जागच्या जागी जाम होतं. चाक फिरायचं थांबतं, गाडी मात्र थांबत नाही, ती घसरत जाते. पुढचं चाक जाम झालं तर हँडलही ऐकत नाही आणि माणूस आडवा होतो. एबीएसमध्ये चाकाजवळ एक सेन्सर असतो. चाक जाम व्हायला लागलं की त्याला कळतं, मग ब्रेकचा दाब क्षणभर सोडला जातो, लगेच पुन्हा दिला जातो, पुन्हा सोडला जातो. आपल्या कुकरची शिट्टी कशी वाफ कोंडली की उचलली जाते, जराशी वाफ सोडते आणि परत बसते, तसंच काहीसं. फक्त हे एका सेकंदात कितीतरी वेळा होतं. माणसाच्या हाताला ते जमणं शक्य नाही. शिवाय घाबरलेला माणूस ब्रेक सोडत नाही, जास्तच आवळतो.

सरकारनेही हे ओळखलं. १२५ सीसीपेक्षा मोठ्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं. नव्याने बाजारात येणाऱ्या मॉडेलना १ एप्रिल २०१८ पासून, आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलना १ एप्रिल २०१९ पासून. १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय सक्तीची झाली. हे एवढं एक लक्षात ठेवलं, तरी जुन्या मोटारसायकलच्या बाजारात आपल्याला फसवणं अवघड जाईल. कुठल्याही कंपनीची असो, मोठी मोटारसायकल घ्यायची तर ती एप्रिल २०१९ मध्ये किंवा त्यानंतर तयार झालेली असावी.

'तयार झालेली' हा शब्द मी मुद्दाम वापरला. कारण इथेच खरी मेख आहे. जुन्या गाड्यांचे दलाल बोलतात ते 'पासिंग'बद्दल. "ताई, एकोणीसची पासिंग आहे!" पासिंग म्हणजे आरटीओत नोंद झालेली तारीख. गाडी कारखान्यात तयार झाली डिसेंबर २०१८ मध्ये, शोरूमच्या कोपऱ्यात उभी राहिली, आणि विकली गेली मार्च २०१९ मध्ये, तर पासिंग एकोणीसचं आणि गाडी अठराची. नियम लागतो तो तयार झालेल्या तारखेला. म्हणून आरसीवर नोंदणीच्या तारखेशिवाय उत्पादनाचा महिना आणि वर्ष वेगळं लिहिलेलं असतं, ते वाचायचं. विकणारा आरसी दाखवायला कां-कूं करत असेल तर तिथूनच माघारी फिरायचं.

आमचंही असंच झालं. पंच्याण्णव हजारांची 'एकोणीसची' गाडी बघायला आम्ही तिघं गेलो. मुलगा, त्याची आई आणि मी. आरसी हातात घेतली, तर पासिंग फेब्रुवारी २०१९ चं आणि उत्पादन नोव्हेंबर २०१८ चं! गाडीच्या पुढच्या मडगार्डवर मात्र 'एबीएस' असं झोकात चिकटवलेलं. मुलाने खाली बसून चाक बघितलं. मेकॅनिककाकांनी त्याला शिकवून ठेवलं होतं. एबीएस असेल तर ब्रेकच्या डिस्कजवळ चाकाला खाचा असलेली एक कडी असते आणि तिच्याजवळ सेन्सरची वायर आलेली असते. इथे कडीही नव्हती आणि वायरही नव्हती. स्टिकर मात्र होता! आई माझ्याकडे बघत राहिली. विकणारा म्हणाला, "आता जुन्या गाडीत एवढं कोण बघतं?"

मैत्रिणींनो, हाच प्रश्न मला तुम्हाला विचारायचा आहे. आपण बघत का नाही?

सोन्याची अंगठी घेताना आपण हॉलमार्क बघतो. पैठणीचा पदर उलटा करून बघतो. गहू घेताना मूठभर तोंडात टाकून चावून बघतो. भाजीवाल्याशी पाच रुपयांवरून वाद घालतो. आणि लाखाच्या घरातली वस्तू, जिच्यावर आपला मुलगा रोज जीव टाकून बसणार आहे, ती घेताना आपण काय म्हणतो? "त्यातलं मला काय कळतंय? तुम्ही बघा." मग गाडी दारात येते तेव्हा आपल्याला हाक मारतात. आपण ओवाळतो, स्वस्तिक काढतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. पूजेचं ताट आपल्या हातात आणि आरसी दुसऱ्याच्या. पैसे मात्र बऱ्याचदा आपल्या बचतीतले, आपल्या मोडलेल्या पाटल्यांचे. मला लिंबाबद्दल काही म्हणायचं नाही. आईच्या मनाचं समाधान असतं ते. पण लिंबू ठेवण्याआधी आरसीवरचं साल वाचायला काय हरकत आहे? अक्षरओळख तर आपल्याला आहेच.

आता कुणी म्हणेल, तेरा हजार म्हणजे काही थोडे नाहीत. अगदी खरं. आमच्या गटात तेरा हजार जमवायला एका बाईला कित्येक महिने लागतात. पण याच मुलांचा पुढचा खर्च बघा. गाडी आली की पहिल्या दोन महिन्यांत कंपनीचा सायलेन्सर काढून फटाके वाजवणारा दुसरा बसतो. चाकांना रंग लागतो. मागचा मडगार्ड कापला जातो. साडीगार्ड तर पहिल्याच दिवशी निघतो. या सगळ्याला पैसे असतात आणि ब्रेकला नसतात? काटकसर करायला मी कधीच नाही म्हणणार नाही, आमचा गटच काटकसरीवर उभा आहे. पण काटकसर कुठे करायची हे ठरवायला हवं. रंगात करा, आवाजात करा, गाडीच्या रुपात करा. ब्रेकमध्ये करू नका.

आणि नुसतं 'जितकी नवी तितकी चांगली' असंही माझं म्हणणं नाही. या गाडीचं डिसेंबर २०१९ मध्ये आलेलं बीएस-६ रूप आणखी सोयीचं आहे. साइड स्टँड खाली राहिलं तर गिअर टाकून निघताच इंजिन बंद पडतं. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये चौथं रूप आलं. त्यात वेग घेताना मागचं चाक घसरू न देणारी सोयही आली. पण त्यांचे भाव वेगळे. त्यासाठी मोठं कर्ज काढायचं, हप्त्यासाठी पोराने जादा पाळ्या करायच्या, आणि झोपमोड झालेल्या डोळ्यांनी पहाटे गाडी चालवत घरी यायचं, तर त्या सोयींचा काय उपयोग? उलट २०१३ ची अठ्ठेचाळीस हजारांची गाडी स्वस्त वाटते. पण नोंदणी पंधरा वर्षांची असते. म्हणजे २०२८ मध्ये पुन्हा तपासणी, पुन्हा फी. त्यात टायर, चेन, पुढचे शॉकअप बदलायचे म्हटलं की स्वस्त गाडी महाग पडायला वेळ लागत नाही. म्हणून मधलं साल शोधायचं. जिथे जीव वाचवणारी सोय आलेली आहे, पण भाव अजून आपल्या आवाक्यात आहे, ते साल. या गाडीपुरतं ते २०१९ आहे. दुसरी गाडी असेल तर तिचं साल दुसरं असेल, पण प्रश्न हाच विचारायचा.

साल बरोबर मिळालं म्हणून डोळे मिटूनही घेऊ नये. असल्या गाड्या पडलेल्या असतात, आणि पडलेलं फायबर बदललं की दिसत नाही. पण ब्रेकच्या आणि क्लचच्या लिव्हरची टोकं, फुटरेस्टची टोकं, हँडलची टोकं घासलेली असतील तर ती गाडी त्या बाजूला आडवी झालेली आहे हे समजावं. टायरवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. '२३१९' म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातलं टायर. नक्षी कितीही छान दिसली तरी सहा-सात वर्षांचं रबर कडक झालेलं असतं, ते बदलायचा खर्च भावातून कमी करून घ्यायचा. चावी फिरवली की मीटरवर एबीएसचा पिवळा दिवा लागतो आणि गाडी थोडी पुढे गेली की विझतो. तो लागलाच नाही किंवा चालत्या गाडीत विझलाच नाही, तर काहीतरी बिघाड आहे. हे सगळं बघायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. चष्मा लागतो तेवढा.

मग कागद. विकणाऱ्याचं फॉर्म २९, दोघांचं मिळून फॉर्म ३०. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचा नाहरकत दाखला आणि फॉर्म ३५. जुनी ई-चलनं राहिली आहेत का ते नंबर टाकून ऑनलाइन बघता येतं, घरातली कॉलेजची मुलगी दोन मिनिटांत बघून देईल. 'नाव नंतर लावू' हे वाक्य ऐकून घेऊ नका. गाडी आपल्या नावावर आणि विमा आपल्या नावावर झाला नाही, तर गाडीमालकासाठी असलेला १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा कुणाला मिळणार? तोही नुसता मिळत नाही, पॉलिसीत घेतलेला असावा लागतो आणि चालवणाऱ्या मालकाकडे लायसन्स असावं लागतं. म्हणून ज्याच्या हातात गाडी त्याच्याच नावावर ती असलेली बरी. तुम्ही गाडी विकत असाल तरी नाव बदलून होईपर्यंत गाफील राहू नका. कागदावर ज्याचं नाव, जबाबदारी त्याची, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केलं आहे.

आणि मुलगा अठराच्या आतला असेल तर? तर चर्चाच नको. २०१९ मध्ये कायदा बदलला. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. दहावीला चांगले मार्क पडले म्हणून गाडी बक्षीस देणाऱ्या बापांना हे ऐकवण्याची जबाबदारी आपलीच.

आपल्याबद्दलही दोन शब्द. आपण मागे बसतो. बाजाराला, माहेरी, दवाखान्यात, हळदीकुंकवाला. डोक्यावर पदर, मांडीवर नात, हातात पिशवी. हेल्मेट फक्त पुढच्याला. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. हेल्मेट न घातलेल्यांचे मृत्यू ५०,०२९. त्यातले १४,३३७ मागे बसलेले होते. त्यांत बाया किती ते त्या आकड्यात लिहिलेलं नाही. पण आपल्या रस्त्यावर मागे कोण बसतं हे आपल्याला ठाऊक आहे. केस विस्कटतात, गजरा चुरगळतो, सगळं कबूल. तरी दुसरं हेल्मेट हवंच, आणि आयएसआय शिक्क्याचं हवं. साडीगार्डही पोरांना काढू देऊ नका. तो नियमाने बसवलेला असतो तो आपल्या पदरासाठीच.

तर शेवटी काय झालं? ती खोट्या स्टिकरची गाडी आम्ही सोडली. मुलगा चार दिवस फुरंगटून बसला. पण चाकाजवळ बसून कडी नाही हे त्यानेच बघितलं होतं, त्यामुळे त्याला वादही घालता येईना. दीड महिन्याने तालुक्याच्या गावी एक गाडी मिळाली. उत्पादन मे २०१९, पासिंग जून २०१९, निळा रंग, एकाच मालकाची, डाव्या फुटरेस्टला थोडं घासलेलं. मेकॅनिककाकांनी चालवून बघितली. अठ्ठ्याण्णव हजार सांगत होते, टायर जुनी म्हणून चार हजार कमी झाले. ते कमी करून घेतले त्या मुलाच्या आईने. मी नाही, मुलाने नाही. टायरवरचे आकडे बोटाने दाखवून ती म्हणाली, "दादा, ही एकोणीसचीच टायरं आहेत, माझ्या लेकाला नवी घालावी लागणार." ही तीच बाई, जी बैठकीत 'गाडीसाठी' म्हणताना मान खाली घालून बसली होती.

गटाने कर्ज दिलं, पण त्या दिवशी वहीत एक ठरावही लिहिला. यापुढे दुचाकीसाठी कर्ज हवं असेल तर गाडी बघायला आईने किंवा बायकोने स्वतः जायचं. आरसीवरचा उत्पादनाचा महिना अर्जात लिहायचा. आणि दोन हेल्मेटची पावती जोडायची. ठराव लिहिताना दोघी कुरकुरल्या. "वहिनी, आता गटात आरटीओ पण आलं का?" मी म्हटलं, आलं असं समजा.

शेजारच्या वाडीतल्या त्या बाईबद्दल मी सुरुवातीला लिहिलं. तिच्या मुलाच्या गाडीला एबीएस असतं तर तो वाचला असता, असं मी म्हणणार नाही. ते कुणालाच सांगता येणार नाही, आणि तिच्या दुःखावर असं काही बोलण्याचा मला अधिकारही नाही. वेग जास्त असेल तर कुठलंच यंत्र वाचवत नाही, हेही मुलांना स्पष्ट सांगायला हवं. पण जे आपल्या हातात आहे तेवढं तरी करावं ना? रस्ता आपल्या हातात नाही. जनावर आडवं येणं हातात नाही. पोराचं वय तर नाहीच नाही. साल बघणं मात्र आपल्या हातात आहे.

परवा बाजारात ताई भेटल्या. मुलाच्या मागे, त्या उंच सीटवर, एक हात मुलाच्या खांद्यावर आणि डोक्यावर लालभडक हेल्मेट. "माळ्यावर बसल्यासारखं वाटतंय वहिनी," म्हणाल्या आणि हसल्या. मी विचारलं, "ब्रेक कसे आहेत?"

"चांगले असतील," त्या म्हणाल्या, "अजून जोरात दाबायची वेळ आली नाही. देव करो आणि न येवो."

तुमच्याही घरी हा प्रश्न येईल तेव्हा सरळ नाही म्हणू नका, आणि नुसते पैसे काढूनही देऊ नका. आरसी मागून घ्या, चष्मा लावा, आणि साल वाचा.